घर नको, रक्कम द्या: मृत्युपत्रातून संस्थेला दान देताना

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका विचारतात: यजमान गेले, मुलगा परदेशी, मुलगी पुण्यात, दोघांचं चांगलं चाललंय. माझ्या स्वतःच्या नावावर एक बैठं घर आहे. तासगाव तालुक्यात यजमानांची ३० गुंठे शेती आहे. बँकेत आणि एका पतसंस्थेत ठेवी आहेत, थोडं सोनं आहे. घर माझ्या शाळेच्या संस्थेला मुलींच्या वसतिगृहासाठी द्यावं, शेती गावच्या वाचनालयाला द्यावी आणि १५ लाख रुपये ठेवून यजमानांच्या नावाने शिष्यवृत्तीचा ट्रस्ट काढावा असं मनात आहे. मृत्युपत्र कसं लिहू? आणि देहदान करायचं तर तेही त्यातच लिहू का?

बाई, द्यायचं कोणाला हे तुमचं पक्कं आहे, द्यायचं काय हे मात्र बदलावं लागेल. घर, शेती आणि नवा ट्रस्ट, तिन्ही तुमच्या पश्चात अडकण्याची दाट शक्यता आहे. सातारा-सांगलीत वकिली करताना धर्मादाय दानाची जी मृत्युपत्रं माझ्यासमोर आली, त्यांतली बहुतेक एकाच ठिकाणी रखडली: देणाऱ्याने मालमत्ता दिली आणि संस्थेला ती ना वापरता आली, ना विकता आली. म्हणून माझा सल्ला आधीच सांगतो. संस्थेच्या नावावर मालमत्ता करू नका. विश्वासाच्या माणसाला एक्झिक्युटर नेमा, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा. त्याने विकायचं ते विकावं, देणी भागवावीत आणि उरलेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा संस्थेला चेकने द्यावा.

अधिकाराचा प्रश्न तुमच्या बाबतीत सोपा आहे. स्वकष्टार्जित मालमत्ता हिंदू व्यक्ती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकते. मुलांसाठी अमुक वाटा राखलाच पाहिजे असं बंधन नाही. बाईमाणसाच्या नावावरची मालमत्ता पूर्णपणे तिचीच, हेही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्पष्ट केलंय. मात्र ज्यांच्यावर कोणी खरोखर अवलंबून आहे, म्हणजे म्हातारा जोडीदार, अविवाहित मुलगी, अपंग मूल, त्यांनी आधी त्यांची सोय लिहावी. अवलंबितांचा पोटगीचा हक्क मृत्युपत्राने पुसता येत नाही.

आता शेती. सातबाऱ्यावर वारस नोंद होऊन तुम्हा तिघांची नावं लागली असतील, तर ढोबळमानाने तुमचा हिस्सा एक तृतीयांश, म्हणजे १० गुंठे. जमीन यजमानांची वडिलोपार्जित असेल तर हिशेब आणखी बदलतो, कारण मुलीचा आणि मुलाचा जन्मजात हक्क त्यात आधी धरावा लागतो. म्हणजे ३० गुंठे वाचनालयाला द्यायला ते सगळे तुमचे नाहीतच.

जे तुमचं आहे तेही देणं अवघड. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगर-शेतकऱ्याकडे जाऊ शकत नाही, आणि वाचनालयाचा ट्रस्ट काही शेतकरी नव्हे. ‘विक्री नाही, मृत्युपत्र आहे, मग चालेल’ असा युक्तिवाद पूर्वी जोरात व्हायचा. गुजरातच्या एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. गुजरातचा आणि आपला कायदा १९४८ च्या एकाच मुंबई कायद्यातून आलेला, त्यामुळे आपल्याकडे तो धोका पत्करू नये. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मार्ग कागदावर आहे, पण १० गुंठ्यांसाठी वाचनालयाचे सचिव किती हेलपाटे घालणार?

शिवाय सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. आपल्या भागात तिथे काय काय निघतं! कूळकायद्याने मिळालेली जमीन, इनाम-वतनाची जमीन, भोगवटादार वर्ग २ चा शेरा, कोयना-धोम-उरमोडीच्या बाजूला पुनर्वसनासाठीची बंधनं. यातला कुठलाही शेरा असला की हस्तांतराला आधी परवानगी लागू शकते. आणि समजा यातलं काहीच नसलं, तरी एकत्र जमिनीतला न वाटलेला १० गुंठ्यांचा हिस्सा बाहेरचा कोण घेणार? तुकडेबंदी आहेच. सहवारसांना तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय.

तेव्हा शेतीतला हिस्सा मुलांना सोडा आणि वाचनालयाला रोख रक्कम द्या. ‘मुलांनी शेतीच्या उत्पन्नातून वाचनालयाला दरवर्षी काही द्यावं अशी माझी इच्छा आहे’ असली वाक्यं मात्र घालू नका. इच्छा म्हणून लिहिलेलं कोर्टात बजावता येत नाही, आणि भावंडांत कुरबुर तेवढी होते.

घराबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, पण स्पष्ट बोलतो. वसतिगृह चालवायला इमारत लागते हे खरं. पण त्याआधी रेक्टर, स्वयंपाकी, पहारा, वापरातल्या बदलाची परवानगी, अग्निसुरक्षा, घरपट्टी आणि दर दोन वर्षांनी गळणारं छत हे सगळं लागतं. चार खोल्यांच्या बैठ्या घरात आठ-दहा मुली राहतील आणि त्यांच्यासाठी एवढी यंत्रणा उभी करणं संस्थेला परवडणार नाही. मग घर कुलूपबंद राहतं. विकावं म्हटलं तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ आडवं येतं. ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. त्यासाठी मूल्यांकन, जाहीर नोटीस, हरकती. हा नियम चांगलाच आहे, संस्थांच्या जमिनी चोरीला जाऊ नयेत म्हणून तो आहे. पण तुमच्या दानाचा पैसा त्यात अडकून पडतो.

साताऱ्यात एका पेठेतला वाडा असाच एका शिक्षण संस्थेला दिला गेला होता. खाली जुने भाडेकरू, वर पुतण्यांचा ताबा, आणि मृत्युपत्रात अट की वाडा कधीही विकू नये. संस्थेला भाड्यापेक्षा वकिलांवर जास्त खर्च करावा लागला आणि शेवटी कार्यकारिणीत चर्चा सुरू झाली की हे दान नाकारता येतं का. येतं. कोणतीही संस्था मृत्युपत्रातलं दान नाकारू शकते, हे देणाऱ्यांच्या लक्षातच नसतं. म्हणून मृत्युपत्र लिहिण्याआधी संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटा, हेतू सांगा, आणि शक्य असेल तर कार्यकारी मंडळाचा ठराव मागा की अशा कारणासाठी, अशा नावाने निधी आम्ही स्वीकारू. रक्कम सांगायची गरज नाही.

घर एक्झिक्युटरने विकावं असं लिहा. मुलांना भावनिक ओढ असेल तर त्यांना पहिली संधी द्या: मान्यताप्राप्त मूल्यांककाने ठरवलेल्या किमतीला, तुमच्या पश्चात सहा महिन्यांत. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागेल, तो इस्टेटीतून आधी भरला जावा हेही लिहा. नाहीतर संस्थेला पैसे देऊन झाल्यावर नोटीस एक्झिक्युटरच्या घरी येते.

ट्रस्टचं म्हणाल तर १५ लाखांसाठी नवा ट्रस्ट काढू नका. मृत्युपत्राने निर्माण झालेल्या सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी एक्झिक्युटरला मृत्यूपासून सहा महिन्यांत, किंवा प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेतलं तर ते मिळाल्यापासून एक महिन्यात, यांतलं जे आधी येईल त्या मुदतीत करावी लागते. पुढे दरवर्षी हिशेब तपासणी, आयकराचं विवरण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. १५ लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ९७,५०० रुपये येतात. त्यातून सीएची फी आणि कारकुनी वजा जाता मुलींच्या हातात काय पडेल? दहा वर्षांनी विश्वस्त थकतात, त्यांची मुलं बेंगळुरूला असतात, आणि असा ट्रस्ट धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली नुसती एक ओळ होऊन राहतो. त्यापेक्षा संस्थेतच यजमानांच्या नावाने निधी ठेवा. ‘ही रक्कम कायम निधी म्हणून ठेवावी आणि फक्त उत्पन्न खर्च करावं’ हे मृत्युपत्रात लेखी असू द्या. संस्थेला ती कॉर्पस म्हणून धरण्यासाठी देणाऱ्याचा असा स्पष्ट लेखी निर्देश लागतो.

शिष्यवृत्तीच्या अटी सैल ठेवा. दहावीला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस, असं लोक हौसेने लिहितात. पुढे शाळेत संस्कृत घेणारी मुलंच उरत नाहीत आणि व्याज साचत राहतं. ‘आर्थिक अडचणीतल्या मुलींच्या शिक्षणासाठी, शक्यतो आठवी ते बारावीच्या’ एवढं पुरे. ‘फक्त’ या शब्दाऐवजी ‘शक्यतो’ किंवा ‘प्राधान्याने’ लिहिलं की पुढच्या माणसाला हालचालीला जागा राहते. आणि संस्था बंद पडली, विलीन झाली किंवा तिने नकार दिला तर रक्कम कोणाला, हे दुसरं नाव त्याच कलमात हवं. नसेल तर मूळ हेतूच्या जवळचं काय, हे कोर्टाला ठरवावं लागतं.

आता १५ लाख हा आकडा. आकडा लिहिला की तो आधी जातो आणि उरलेलं इतरांना. उद्या शेवटच्या आजारपणात मिरजेच्या दवाखान्यात ठेवी संपल्या, तर संस्थेला १५ लाख देण्यासाठी मुलीच्या वाट्याला काहीच न राहण्याची वेळ येईल. उलट घराची किंमत दुप्पट झाली तर संस्थेला मात्र १५ लाखच. हिस्सा लिहिला की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात: कर्ज, औषधपाणी, उत्तरकार्य आणि कर वजा जाता जे उरेल त्याचा अमुक टक्का. तुमच्या जागी मी असतो तर शाळेच्या संस्थेला ३० टक्के, वाचनालयाला १० टक्के आणि उरलेलं मुलांना असं काहीसं लिहिलं असतं. पण तो तुमचा निर्णय.

याच कारणासाठी ‘अमुक बँकेतली अमुक नंबरची ठेव संस्थेला’ असंही लिहू नये. विशिष्ट वस्तू दिली आणि ती मृत्यूच्या वेळी अस्तित्वात नसली तर ते दान कायद्याने संपतं. मुदत ठेव मोडली, पैसे दुसरीकडे फिरवले की तुमचं कलम वादात गेलंच म्हणून समजा. पतसंस्थेतल्या ठेवीबद्दल तर आणखी सावध राहा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. सांगलीकरांना याहून जास्त सांगायला नको. दान करायचा पैसा बँकेत आणून ठेवा.

ठेवींना नॉमिनी कोण, हेही आज जाऊन बघा. बँक ठेवीवर संस्थेला नॉमिनी करता येत नाही, नॉमिनी व्यक्तीच असावी लागते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांसाठी किंवा मृत्युपत्रातल्या लाभार्थींसाठी पैसे ताब्यात घेणारा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. पण व्यवहारात बँक पैसे नॉमिनीला देऊन मोकळी होते. म्हणून जमेल तर एक्झिक्युटर आणि नॉमिनी एकच माणूस ठेवा. तुमच्या बाबतीत बहुधा मुलगी.

संस्थेचं नाव लिहिताना इतके लोक चुकतात की यावर जरा थांबतो. शाळेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं, ते तिच्या संस्थेला असतं. रयत शिक्षण संस्थेचंच घ्या. कर्मवीरांनी १९१९ साली कराडजवळच्या काले इथे सुरू केलेली, आज मुख्य कार्यालय साताऱ्यात, शाखा शेकड्यांनी. ‘रयतच्या आमच्या शाळेला’ असं लिहून भागत नाही. आधी संस्थेचं नोंदलेलं पूर्ण नाव, ट्रस्ट नोंदणी क्रमांक, मुख्य कार्यालयाचा पत्ता, आणि मग शाखेचं नाव व गाव. सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय सांगलीतही आहे, साताऱ्यातही. तिथे परिशिष्ट १ चा उतारा मागा. संस्थेचं खरं नाव, उद्देश आणि सध्याचे विश्वस्त त्यावर दिसतात. बदल अर्ज वादात पडून असेल तर समजा, संस्थेत दोन गट आहेत. आपल्या जिल्ह्यांत दोन-दोन अध्यक्ष असलेल्या संस्था कमी नाहीत. अशा ठिकाणी द्यायचंच असेल तर लिहा की देण्याच्या दिवशी परिशिष्ट १ वर ज्यांची नावं असतील त्यांचीच पावती चालेल.

‘उरलेली रक्कम सत्कार्याला लावावी’, ‘धर्मादाय खर्च करावी’ असं मोघम तर बिलकूल नको. नुसतं ‘धर्म’ लिहिलेलं दान अनिश्चित म्हणून रद्द होतं, हे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, १८९९ मध्येच, तेही मुंबईच्या एका मृत्युपत्रावरून ठरवलंय. तरीही अशी मृत्युपत्रं अजून लिहिली जातात.

वर जे सांगितलं त्याचं कलम साधारण असं होईल:

‘माझी सर्व देणी, अखेरच्या आजारपणाचा व उत्तरकार्याचा खर्च आणि देय कर वजा जाता माझ्या इस्टेटीत जी रक्कम शिल्लक राहील, तिच्या ३० टक्के रक्कम माझ्या एक्झिक्युटरने (संस्थेचे नोंदलेले पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता) या संस्थेस द्यावी. सदर रक्कम संस्थेने माझ्या दिवंगत पतीच्या नावे कायम निधी म्हणून ठेवावी व तिच्या उत्पन्नातून आर्थिक अडचणीतील विद्यार्थिनींच्या शिक्षणास, प्राधान्याने (शाखा व गाव) येथील विद्यार्थिनींच्या शिक्षणास, साहाय्य करावे. सदर संस्था त्यावेळी अस्तित्वात नसल्यास अथवा तिने नकार दिल्यास ही रक्कम (दुसऱ्या संस्थेचे नाव) हिला त्याच हेतूसाठी द्यावी. यासाठी माझी कोणतीही स्थावर-जंगम मिळकत विकण्याचा, खरेदीखत करून देण्याचा व पावत्या घेण्याचा पूर्ण अधिकार मी एक्झिक्युटरला देत आहे.’

शेतीतला हिस्सा मुलांना देणारं कलम याच्या आधी घ्या, म्हणजे तो ‘शिल्लक’ या हिशेबात येणार नाही आणि शेवटचं वाक्य त्याला लागू पडणार नाही.

सही दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यांनी तुमच्यासमोर. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने बरेच लहान घ्या, कारण वाद झाला तर निदान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. संस्थेचा सचिव, मुख्याध्यापक किंवा कर्मचारी साक्षीदार नको, एक्झिक्युटर नको, मृत्युपत्राचा मसुदा करणारा तर नकोच. ज्याला लाभ होतो त्याचाच लिहिण्यात हात दिसला की कोर्ट संशयाने बघतं, आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांचं, शुद्धीत आणि समजून सही केल्याचं प्रमाणपत्र घ्या. मुलांना कमी का दिलं, याचं कारण दोन ओळींत लिहा. त्या टोमण्याच्या नसाव्यात.

नोंदणी सक्तीची नाही, पण तुम्ही करा. मुद्रांक शुल्क नाही, फी नाममात्र आहे. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत तुमच्याशिवाय किंवा तुमच्या अधिकृत माणसाशिवाय कोणाला मिळत नाही आणि पश्चात मिळू शकते. सांगलीत याला फार महत्त्व आहे. २००५, २०१९, २०२१, तीन पूर झाले. गावभागातल्या घरांत ट्रंकेतल्या कागदांचा लगदा झालेला मी पाहिलाय. विश्रामबागला पाणी येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कागद बहुधा नातेवाइकाच्या घरी ठेवलेला असतो.

प्रोबेट आपल्या जिल्ह्यांतल्या मालमत्तेला सक्तीचं नाही. पण घर विकणाऱ्या एक्झिक्युटरकडे खरेदीदाराची बँक ते मागू शकते, तेव्हा त्याच्या खर्चाची तरतूद असू द्या.

कराच्या आशेने मृत्युपत्रात दान लिहू नका. वारसा कर आपल्याकडे १९८५ पासून नाही, त्यामुळे वाचवायला काही नाही, आणि देणगीवरची आयकराची सवलत हयातीत दिलेल्या देणगीलाच. म्हणून एक सुचवतो. यंदा संस्थेला छोटी रक्कम चेकने द्या. पावती किती दिवसांत येते, वर्षाने कोणत्या मुलीला काय दिलं हे कळवतात का, ते बघा. मोठ्या दानाचा निर्णय त्यावर घ्या. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, शेवटचं तेच खरं.

मुलांना आत्ताच सांगा. परदेशातल्या मुलाला फोनवर नको, तो गणपतीला किंवा दिवाळीला येईल तेव्हा दोघांना समोर बसवून. बहुतेक खटले पैशापेक्षा ‘आम्हाला विचारलंही नाही’ यावरून उभे राहिलेले मी पाहिलेत.

हे वाचणारे सगळेच हिंदू नसतील, म्हणून दोन ओळी. मुस्लिम व्यक्तीला वसीयतीने साधारणपणे एक तृतीयांशपर्यंतच देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. मिरजेत जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. तिथले वयस्कर लोक अजून सांगतात की धर्मादाय मृत्युपत्र मरणाच्या वर्षभर आधी केलेलं हवं. ते भारतीय वारसा कायद्याचं कलम ११८ होतं, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं.

शेवटी तुम्ही देहदानाचंही विचारलंय. ते मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, कारण मृत्युपत्र उघडेपर्यंत बहुतेक घरांत तेरावा झालेला असतो. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागाचा संमतीपत्राचा फॉर्म मिळतो, त्यावर मुलीची सही घ्या. नेत्रदान काही तासांतच व्हावं लागतं. दोन्हीचे फोन नंबर मुलीकडे आणि शेजारच्या घरी देऊन ठेवा.